विश्लेषण : अणुबॉम्ब वडशावर पडणार नाही, मग धानाच्या बांधीला धोका कसला?

पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यानंतर ७ ते १० मे या चार दिवसांत भारत आणि पाकिस्तान या दोन अण्वस्त्रधारी देशांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन डागले. त्या काळात मोबाइलवर सर्वाधिक फिरलेल्या प्रश्नांपैकी एक होता, ‘अणुयुद्ध झाले तर आपल्या गावाचे काय?’ गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) परिसरात या प्रश्नाचे सोपे उत्तर तयार असते. सीमा हजार किलोमीटर दूर, जवळ अणुभट्टी नाही, मोठे शहर नाही, त्यामुळे आपण सुरक्षित. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. बॉम्ब जिथे पडतो तिथे काही सेकंदांत विध्वंस होतो. मात्र जळणाऱ्या शहरांचा धूर, थंडावणारे हवामान आणि कोलमडणारा धान्यव्यापार यांना जिल्ह्याची सीमा नसते. रोवणीवर जगणाऱ्या या पट्ट्यासाठी अणुयुद्धाचा अर्थ काय, याचा हा आढावा.

जगात अण्वस्त्रे किती आणि कोणाकडे?

स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ या संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजानुसार जगात एकूण १२,२४१ अण्वस्त्रे आहेत. त्यातील सुमारे ९,६१४ लष्करी साठ्यात असून वापरासाठी उपलब्ध आहेत, तर सुमारे २,१०० अस्त्रे अत्यंत सज्ज अवस्थेत, म्हणजे आदेश मिळताच मिनिटांत सुटू शकतील अशी ठेवलेली आहेत. रशियाकडे ५,४५९ आणि अमेरिकेकडे ५,१७७ अस्त्रे आहेत. चीनकडे सुमारे ६००, फ्रान्सकडे २९०, ब्रिटनकडे २२५, भारताकडे १८०, पाकिस्तानकडे १७०, इस्रायलकडे ९० आणि उत्तर कोरियाकडे सुमारे ५० असा हिशेब आहे.

शीतयुद्धाच्या काळात हा आकडा साठ हजारांच्या वर गेला होता. त्या तुलनेत आजची संख्या खूपच कमी आहे. तरीही तज्ज्ञांची चिंता वाढण्याचे कारण वेगळे आहे. आतापर्यंत घट होत होती ती प्रामुख्याने जुनी अस्त्रे मोडीत काढल्यामुळे. आता मोडीत काढण्याचा वेग मंदावला आहे आणि नवी अस्त्रे साठ्यात येत आहेत. चीनचा साठा सर्वात वेगाने वाढत आहे. अमेरिका आणि रशिया यांच्या लांब पल्ल्याच्या अस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ या शेवटच्या कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती.

अणुबॉम्बच्या कहाणीत महाराष्ट्र कुठे आहे?

अगदी सुरुवातीलाच. मुंबईजवळ तुर्भे (ट्रॉम्बे) येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक कार्यान्वित झाली. त्यानंतर कॅनडाच्या मदतीने उभी राहिलेली ‘सायरस’ ही संशोधन अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली. तिला लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले होते. वापर शांततेसाठी होईल, अशी या मदतीमागची अट होती. याच भट्टीत वापरलेल्या इंधनातून तुर्भे येथेच प्लुटोनियम वेगळे काढण्यात आले आणि १८ मे १९७४ रोजी राजस्थानातील पोखरण येथे पहिली अणुचाचणी झाली. भारताने तिला ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटले. जगाने मात्र त्यातून धडा घेतला तो असा की, वीज किंवा संशोधनासाठी दिलेले तंत्रज्ञान बॉम्बकडे वळू शकते. अणुसाहित्याच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा ‘अणुपुरवठादार गट’ याच चाचणीनंतर स्थापन झाला.

पुढे ११ आणि १३ मे १९९८ रोजी भारताने पोखरणमध्ये पाच चाचण्या केल्या. त्याला उत्तर म्हणून पाकिस्तानने २८ आणि ३० मे रोजी बलुचिस्तानात चाचण्या केल्या. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर हे १९७४ आणि १९९८ अशा दोन्ही चाचण्यांत सहभागी होते. सायरस भट्टी ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली.

विदर्भातील आयुध निर्माण्यांचा अण्वस्त्रांशी संबंध आहे का?

वडसा परिसरातील अनेकांच्या मनात हा गोंधळ असतो. भंडारा जिल्ह्यात जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती आणि नागपुरात अंबाझरी येथे आयुध निर्माण्या आहेत, तर वर्धा जिल्ह्यात पुलगावला मोठे दारूगोळा भांडार आहे. या निर्माण्यांत आणि भांडारात पारंपरिक स्फोटके, तोफगोळे, रॉकेट अशा साहित्याचे काम होते. जवाहरनगरच्या निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगारांचा मृत्यू झाला. तो रासायनिक स्फोटकांचा अपघात होता. अणुस्फोट हा वेगळा प्रकार आहे. रासायनिक स्फोटात रेणूंमधील बंध तुटतात आणि जुळतात, तर अणुस्फोटात अणूचे केंद्रकच फुटते. म्हणूनच काही किलो प्लुटोनियममधून हजारो टन टीएनटीइतकी ऊर्जा बाहेर पडते. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी पडलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटन, म्हणजे १५ हजार टन टीएनटीच्या ताकदीचा होता. त्या वर्षअखेरपर्यंत तेथे सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली.

मग अण्वस्त्रांचा प्रसार नेमका कसा होतो?

बॉम्बसाठी दोनच मुख्य पदार्थ लागतात, प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियम. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये उपयोगी ‘यू-२३५’ हा समस्थानिक केवळ ०.७ टक्के असतो. वीज प्रकल्पाच्या इंधनात तो साधारण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवतात. बॉम्बसाठी तो सुमारे ९० टक्के लागतो. यात एक तांत्रिक मेख आहे. ०.७ वरून ५ टक्क्यांपर्यंत जाण्यातच बहुतेक मेहनत खर्च होते आणि त्यापुढची वाट तुलनेने झटपट सरते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जून २०२५ मध्ये इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले सुमारे ४४० किलो युरेनियम होते. त्यावरून जगभर खळबळ उडाली ती यामुळेच. इस्रायलने १३ जूनला आणि अमेरिकेने २२ जूनला इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले.

तंत्रज्ञान चोरीनेही पसरते. पाकिस्तानचे शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनी नेदरलँड्समध्ये काम करताना युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांची माहिती मिळवली. पुढे त्यांच्या जाळ्यातून हे तंत्रज्ञान इराण, लिबिया आणि उत्तर कोरियापर्यंत पोहोचले. खान यांनी २००४ मध्ये दूरचित्रवाणीवरून तशी कबुली दिली होती.

प्रसार रोखण्यासाठी १९७० पासून अण्वस्त्र प्रसारबंदी करार लागू आहे. त्यात १९६७ पूर्वी चाचणी केलेल्या अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन या पाच देशांनाच अण्वस्त्रधारी मानले जाते. हा करार भेदभाव करणारा आहे, अशी भूमिका घेऊन भारताने त्यावर कधीही सही केली नाही. पाकिस्तान आणि इस्रायलही बाहेरच राहिले. उत्तर कोरियाने २००३ मध्ये करार सोडत असल्याचे जाहीर केले. उलट दिशेचे उदाहरणही आहे. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बॉम्ब मोडीत काढले. युक्रेनने सोव्हिएत काळातील अस्त्रे १९९४ च्या करारानंतर रशियाकडे सोपवली. पण रशियाने नंतर युक्रेनवरच आक्रमण केल्याने ‘अस्त्रे सोडली तर सुरक्षा मिळते’ या आश्वासनाची किंमत घसरली. आज अण्वस्त्र नसलेल्या देशांतही ‘आपल्याकडे हवे का’ ही चर्चा सुरू होण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

भारत-पाकिस्तान यांच्यात अणुयुद्धाचा धोका किती खरा?

त्याची टक्केवारी कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. मात्र धोका कुठून येतो हे सांगता येते.

पहिला मुद्दा धोरणाचा. भारताने ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केलेल्या आण्विक धोरणात ‘प्रथम वापर नाही’ हे तत्त्व आहे. मात्र भारतावर किंवा भारतीय सैन्यावर अण्वस्त्र वापरले गेले तर प्रत्युत्तर प्रचंड असेल, असेही त्यात म्हटले आहे. वापराचा आदेश पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदच देऊ शकते. हे तत्त्व भविष्यात परिस्थितीवर अवलंबून राहील, असे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये सूचित केले होते, परंतु धोरण अधिकृतपणे बदललेले नाही. पाकिस्तानने असे वचन दिलेले नाही. भारताचे पारंपरिक सैन्यबळ मोठे असल्याने गरज पडल्यास आधी वापर करू, हाच त्याच्या भूमिकेचा गाभा आहे. सुमारे ६० किलोमीटर पल्ल्याचे ‘नस्र’ हे क्षेपणास्त्र त्याच हेतूने बनवलेले आहे. रणांगणावर ‘छोटे’ अण्वस्त्र वापरायचे आणि मोठे युद्ध टाळायचे, असा हा तर्क. पण भारताच्या धोरणात छोट्या आणि मोठ्या अण्वस्त्रात फरक केलेला नाही. इथेच दोन्ही बाजूंचे हिशेब एकमेकांना छेदतात.

दुसरा मुद्दा वेळेचा. अमेरिका आणि रशिया यांच्यात क्षेपणास्त्राला सुमारे अर्धा तास लागतो. भारत आणि पाकिस्तान शेजारी असल्याने ही वेळ मोजक्या मिनिटांवर येते. समोरून येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या टोकावर साधे स्फोटक आहे की अण्वस्त्र, हे ते पडेपर्यंत कळत नाही.

तिसरा मुद्दा चुकीचा. भारताचे एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र ९ मार्च २०२२ रोजी चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नू येथे जाऊन पडले. ते स्फोटकाविना होते आणि कोणाचा जीव गेला नाही. चौकशीनंतर हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. ही घटना शांततेच्या दिवसांत घडली. तीच ८ किंवा ९ मे २०२५ च्या रात्री घडली असती तर तिच्याकडे अपघात म्हणून पाहिले गेले असते का, हा खरा प्रश्न आहे.

या सगळ्यावर काही लगाम आहे का?

आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. तो २७ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. ही प्रथा १९९२ पासून अखंड सुरू आहे. कारगिल युद्ध, संसदेवरील हल्ला, २६/११, बालाकोट यांपैकी कशानेही ती थांबली नाही आणि मे २०२५ च्या संघर्षानंतर आलेल्या १ जानेवारी २०२६ लाही तिच्यात खंड पडला नाही. याखेरीज क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार २००५ मध्ये आणि अण्वस्त्रविषयक अपघाताची माहिती देण्याचा करार २००७ मध्ये झाला. लष्करी मोहिमांच्या महासंचालकांमध्ये थेट दूरध्वनी आहे. १० मे २०२५ ची शस्त्रसंधी याच दूरध्वनीवरील संभाषणातून ठरली.

व्हॉट्सॲपवर फिरलेल्या ‘किरणोत्सार सुटला’ या संदेशांत तथ्य होते का?

नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातील किराणा टेकड्यांमधील अणुसाठ्यावर भारताने हल्ला केला आणि तेथून किरणोत्सार बाहेर पडतो आहे, असे संदेश मोठ्या प्रमाणावर पसरले. एअर मार्शल ए. के. भारती यांनी १२ मे रोजी पत्रकार परिषदेत किराणा टेकड्यांवर हल्ला केल्याचा इन्कार केला. पाकिस्तानातील कोणत्याही अणुकेंद्रातून किरणोत्सार सुटलेला नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही स्पष्ट केले. अशा अफवा निरुपद्रवी नसतात. तणावाच्या काळात समोरच्या देशातील जनता आणि सत्ताधारीही त्याच वाचतात.

बॉम्ब मुंबई, पुणे किंवा नागपूरवर पडला तर वडशापर्यंत काय पोहोचेल?

हिरोशिमाइतक्या बॉम्बच्या भडक्याचा आणि दाबाचा सर्वाधिक मारा केंद्रापासून साधारण दोन किलोमीटरच्या आत होतो. आजची अनेक अस्त्रे त्याहून मोठी आहेत, तरी त्यांचा थेट मारा काही किलोमीटरपुरताच राहतो. नागपूरपासून वडसा सरळ रेषेत १०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे स्फोटाचा थेट फटका येथे बसणार नाही.

किरणोत्सारी धूळ मात्र वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जाऊ शकते. बॉम्ब हवेत उंच फुटला तर अशी धूळ कमी पडते. तो जमिनीलगत फुटला तर माती वर ओढली जाऊन ती किरणोत्सारी होते आणि वाऱ्याच्या दिशेने खाली पडते. हिवाळ्यात मध्य भारतावर वरच्या थरातील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे मोठ्या शहरांकडून पूर्व विदर्भाकडे.

यात दिलासा देणारा एक नियम आहे. काळ सातपट झाला की किरणोत्साराची तीव्रता सुमारे दहापट कमी होते. स्फोटानंतर एका तासाने ती १०० असेल तर सात तासांनी १० आणि दोन दिवसांनी १ इतकी उरते. म्हणूनच पहिले २४ ते ४८ तास घरात राहणे सर्वात महत्त्वाचे. कवेलूच्या घरापेक्षा सिमेंटच्या पक्क्या इमारतीतील मधली खोली अधिक सुरक्षित, कारण भिंती आणि अंतर किरणांना अडवतात. बाहेरून आल्यास वरचे कपडे काढून अंग धुतल्याने बरीच धूळ निघून जाते. उघड्या तलावापेक्षा झाकलेल्या बोअरवेलचे पाणी बरे. घरात बंद ठेवलेले धान्य वापरता येते. आयोडिनच्या गोळ्या केवळ गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे किरणोत्सारी आयोडिनपासून रक्षण करतात. त्या ‘किरणोत्सारावरचे औषध’ नाहीत.

मग धानाला धोका कसला?

गडचिरोलीच्या जंगलात दर उन्हाळ्यात वणवे लागतात. त्यांचा धूर मृगाच्या पहिल्या सरींत धुऊन निघतो, कारण तो ढगांच्या खालच्या थरातच असतो. जळणाऱ्या शहरांचे तसे नसते. डांबर, प्लास्टिक, इंधन, लाकूड एकाच वेळी पेटले की काळी काजळी तयार होते. ती उन्हाने तापते आणि आणखी वर सरकत पाऊस पडतच नाही अशा स्थितांबरापर्यंत पोहोचू शकते. तेथे तिला धुणारे काही नसल्याने ती अनेक वर्षे टिकते आणि जमिनीवर येणारे ऊन कमी करते.

इतिहासात याच्याशी मिळतेजुळते उदाहरण आहे. इंडोनेशियातील तंबोरा ज्वालामुखीचा १८१५ मध्ये उद्रेक झाला. त्यानंतर १८१६ हे वर्ष युरोप आणि उत्तर अमेरिकेत ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ ठरले. पिके बुडाली आणि धान्य महागले.

भारत-पाकिस्तान युद्धात हिरोशिमाइतके १०० बॉम्ब वापरले गेले तर काय होईल, याचा अभ्यास २००७ पासून सुरू आहे. त्यात सुमारे ५० लाख टन काजळी वर जाईल असे गृहीत धरले आहे. ‘पीएनएएस’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा परिस्थितीत जगाचे सरासरी तापमान सुमारे १.८ अंशांनी घसरेल. पहिल्या पाच वर्षांत जागतिक उत्पादनात मका १३ टक्के, गहू ११ टक्के, सोयाबीन १७ टक्के आणि तांदूळ सरासरी ३ टक्के घटेल. ‘नेचर फूड’मधील २०२२ च्या अभ्यासाचा निष्कर्ष आणखी गंभीर आहे. याच युद्धात थेट मृत्यू सुमारे २ कोटी ७० लाख होतील आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे २५ कोटी ५० लाख लोकांपुरते अन्न उरणार नाही. अमेरिका-रशिया युद्धाच्या स्थितीत हा आकडा ५०० कोटींच्या पुढे जातो. दोन्ही ठिकाणी भुकेचे बळी बॉम्बच्या बळींपेक्षा कितीतरी अधिक आहेत.

तांदळात फक्त ३ टक्के घट, मग एवढी काळजी का?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याची तीन उत्तरे आहेत.

एक, ३ टक्के ही जगाची सरासरी आहे आणि तिच्यातील अनिश्चितता मोठी आहे. जमीन थंडावली की समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातील फरक कमी होतो. मोसमी पाऊस याच फरकावर चालतो. वडसा आणि आरमोरी भागातील काही शेतांना इटियाडोह प्रकल्पाचे पाणी मिळते, काही गावांत मामा तलाव आहेत. पण तलाव आणि धरण दोन्ही पावसानेच भरतात. पऱ्हे तयार असून पाऊस लांबला तर रोवणी कशी रखडते हे येथील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. धान फुलोऱ्यात असताना थंडी पडली तर परागीभवन बिघडते आणि लोंब्यांत दाणा भरत नाही.

दोन, या अभ्यासांतील पीक-गणिते मुख्यत्वे हवामानातील बदल मोजतात. अशा युद्धात भारत स्वतः लढणारा देश असेल, हे त्यात नाही. बंदरे, तेलशुद्धीकरण केंद्रे, रेल्वे जंक्शन यांचे नुकसान झाले तर खत आणि डिझेल गावापर्यंत येणार कसे? भारत पोटॅश जवळजवळ पूर्णपणे आयात करतो आणि डीएपीचाही मोठा हिस्सा बाहेरून येतो. वडसा हे गोंदिया-नागभीड-बल्लारशा मार्गावरील स्थानक असून गडचिरोली जिल्ह्याचा रेल्वेशी संबंध दीर्घकाळ याच स्थानकातून राहिला आहे. मोठी शहरे ठप्प झाली तर या एका मार्गाने किती माल येईल, याचा अंदाज करता येतो.

तीन, टंचाईची चाहूल लागताच देश निर्यात बंद करतात. भारतानेच जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली होती. ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. तेव्हा कारण होते केवळ भाववाढीची भीती. खऱ्या तुटवड्यात प्रत्येक देश हेच करेल. देशात सुमारे ८१ कोटी लोक रेशनच्या धान्यावर अवलंबून आहेत. अन्न महामंडळाची कोठारे ही मोठी ढाल आहे, पण साठ्याचे निकष तिमाहीच्या हिशेबाने ठरतात. दहा वर्षे रेंगाळणाऱ्या तुटीसाठी ते बनवलेले नाहीत.

या पट्ट्यात धानावर केवळ शेतकऱ्याचे पोट नाही. गिरण्या, आधारभूत खरेदी केंद्रे, रोवणी-कापणीची मजुरी यांचे चाक त्यावरच फिरते. दिवाळीनंतर सुरू होणारा झाडीपट्टी रंगभूमीचा हंगामही धान घरात आल्यावरच रंगतो आणि त्या नाट्यमंडळांचे मोठे केंद्र वडसाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवड करत ‘एचएमटी’ हे धानाचे वाण विकसित केले. त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे जपलेली बियाणी येथील पाऊस आणि तापमान यांच्याशी जुळलेली आहेत. ते गणितच बदलले तर बियाणेही नव्याने शोधावे लागेल.

या अभ्यासांवर आक्षेप आहेत का?

आहेत. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये वेगळे गणित मांडले. त्यांच्या मते, शहरांतील आगीतून उठणारी बहुतेक काजळी स्थितांबरापर्यंत पोहोचणार नाही, त्यामुळे थंडावाही बराच कमी असेल. पहिल्या गटाने त्यावर प्रत्युत्तर दिले असून वाद सुरूच आहे. मतभेद आहे तो किती जळेल आणि धूर किती उंच जाईल यावर. काजळी वर पोहोचली तर हवामान थंडावेल, याबद्दल फारसे दुमत नाही. शहरे पेटवून हा वाद मिटवता येत नसल्याने अनिश्चितता राहणारच. पूर येईल की नाही यावर मतभेद असले तरी नदीकाठच्या गावात तयारी केली जाते. येथेही तोच नियम लागू होतो.

मग तयारी कितपत आहे?

केंद्रीय गृह मंत्रालयाने ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेतला. महाराष्ट्रातील १६ ठिकाणे त्या यादीत होती. मुंबई, उरण आणि तारापूर पहिल्या वर्गात, तर ठाणे, पुणे, नाशिक, मनमाड, भुसावळ, रत्नागिरी आदी पुढच्या वर्गांत. विदर्भातील एकही नाव त्यात नव्हते. संभाव्य लक्ष्ये पाहून यादी केली तर हे स्वाभाविकही आहे. गंमत अशी की, देशाला नागरी संरक्षणाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९५७ पासून नागपुरातच होती आणि आज राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही तेथेच आहे.

मात्र अशी यादी केवळ ‘बॉम्ब कुठे पडेल’ एवढेच विचारते. ‘त्यानंतर लोक कुठे जातील आणि काय खातील’ हा प्रश्न तिच्या बाहेर राहतो. करोना काळात शहरांतून गावाकडे निघालेले लोंढे सर्वांनी पाहिले. शहरांवर हल्ला झाला तर ओघ पुन्हा गावांकडेच येईल. तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांकडे लक्ष्य म्हणून कोणी पाहणार नाही, आसरा म्हणून पाहतील. तालुक्याच्या रुग्णालयांत भाजलेल्या रुग्णांसाठी किती खाटा आहेत, किरणोत्सार मोजण्याचे उपकरण जवळात जवळ कुठे आहे, गोदामांत किती दिवसांचे धान्य असते, हे प्रश्न जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात विचारता येण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे पुरात आणि साथीतही उपयोगी पडतात.

पुढे काय?

अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा संयुक्त राष्ट्रांचा करार २२ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, पण नऊपैकी एकाही अण्वस्त्रधारी देशाने तो स्वीकारलेला नाही. भारताची भूमिका जागतिक, कालबद्ध आणि सर्वांना समान निःशस्त्रीकरणाची आहे. एकट्याने अस्त्रे सोडणे चीन आणि पाकिस्तान शेजारी असताना परवडणारे नाही, असे त्यामागचे कारण दिले जाते. २०२४ चा शांततेचा नोबेल पुरस्कार हिरोशिमा-नागासाकीतून बचावलेल्यांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला मिळाला. अणुयुद्ध प्रत्यक्ष पाहिलेली ती पिढी आता संपत चालली आहे.

नजीकच्या काळात लक्ष ठेवण्यासारख्या गोष्टी तीन. अमेरिका आणि रशिया नवा करार करतात का, इराणच्या युरेनियमवर आंतरराष्ट्रीय तपासणी पूर्ववत होते का आणि भारत-पाकिस्तान यांच्यातील १ जानेवारीची यादी व लष्करी दूरध्वनी सुरू राहतात का. यातील तिसरी गोष्ट सर्वात कमी चर्चेत असते, पण वडशाच्या बांधीतील धानासाठी सर्वात जवळची तीच आहे. दोन देशांतील संवादाची ही साधी व्यवस्था टिकली, तर येथील शेतकऱ्याला काळजी करायला मोसमी पाऊस आणि धानाचा भाव या नेहमीच्याच दोन गोष्टी उरतील.